कुणाच्या नावावर टाकू?

आमच्या कंपनीत एक कुत्रा होता. राहायचा गेटवर, झोपायचा स्टोअर्सच्या दारात, जेवायचा कॅन्टीनमागे आणि थंडीत रात्रपाळीला आमच्या मशिन शॉपमागच्या कॉम्प्रेसरजवळ ऊब घेत पडायचा. एकदा पेटी कॅशच्या व्हाउचरांत 'कुत्र्यास इंजेक्शन, रु. १५०' अशी एक चिठ्ठी निघाली. भोसरी एमआयडीसीतल्या चारशे माणसांच्या कारखान्यात दीडशे रुपयांचं कोण विचारतो? तफावतराव विचारतात. ती चिठ्ठी चिमटीत धरून ते चार खाती फिरले. सगळीकडे प्रश्न एकच, "कुणाच्या नावावर टाकू?"

माझ्यापाशी आले तेव्हा मी लेथवर वाकलेलो. "तुमच्याकडे किती तास असतो?"

"कोण?"

"कुत्रा."

मी आपलं चार म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद हजर. गेट बारा तास, पंचाहत्तर रुपये. स्टोअर्स आठ तास, पन्नास. मशिन शॉप चार तास, पंचवीस. कॅन्टीन शून्य, कारण खाणं उष्ट्याचं, आणि उष्ट्याची किंमत कॅन्टीनने आधीच सोसलेली. खाली सहीला जागा. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी ड्रॉइंगवर सह्या केल्या, रिजेक्शनवर केल्या, एकदा पोलीस पंचनाम्यावर केली. कुत्र्यावर केलेली ही पहिलीच.

तफावतराव हे काही बारशाचं नाव नव्हे. ते कॉस्टिंग खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे ते, एक कारकून आणि गोदरेजचं एक कपाट. खर्च किती व्हायला हवा होता आणि किती झाला यांतल्या फरकाला त्यांच्या भाषेत व्हेरियन्स म्हणतात. युनियनच्या एका मराठीप्रेमी चिटणीसाने त्याचं 'तफावत' केलं आणि बाकीच्यांनी त्यामागे 'राव' लावलं. खिशाला लाल-निळी पेन्सिल. फरक आपल्या बाजूचा असला तर निळी, अंगावर आला तर लाल. लाल बाजू झिजून नखाएवढी उरलेली असायची, निळ्या बाजूचं टोक मात्र दुकानातून आणलं तसंच.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, कॉस्ट सेंटरचे आकडे राहत. पेंट शॉपचा फोरमन चारशे वीस होता. त्याला जिन्यात या आकड्याने मोठ्यांदा हाक मारू नये, एवढंच एक पथ्य बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी मान्य केलं. मी तीनशे दहा. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी बायकोशी ओळख करून दिली ती अशी, "हे आपले तीनशे दहा. लाल असतात बहुधा."

शिक्षण आय.सी.डब्ल्यू.ए. या संस्थेचं नाव २०१२मध्ये बदललं, पण ते सही करताना जुनंच लिहीत. कुणी "म्हणजे सी.ए.च ना?" म्हटलं की चेहरा मिरची चावल्यासारखा होई. मग सावकाश सांगत, "सी.ए. काय झालं ते सांगतो. मी काय व्हायला हवं होतं ते सांगतो." असं बोलणारा माणूस घरात असणं ही काय चीज आहे, ते त्यांच्या मुलाला विचारावं. त्याचा दहावीचा निकाल त्यांनी विषयवार तफावतींसह फ्रिजवर लावला होता.

कॅन्टीनमध्ये चहाचा कप उचलला की हमखास वेजवुड निघायचा. इंग्लंडातला हा चिनी मातीची भांडी करणारा कारखानदार. १७७२मध्ये तिकडे मंदी आली, तेव्हा हा पठ्ठ्या स्वतः हिशेबाला बसला. एक भांडं घडवायला नेमकं काय पडतं ते त्याने काढलं. काही खर्च माल कमी काढा नाहीतर जास्त काढा, तेवढेच राहतात, हे त्याला उमगलं. आणि जाता जाता आपला हेडक्लार्क हात मारतोय हेही सापडलं. हे शेवटचं वाक्य तफावतराव नेहमी कॅन्टीनच्या कंत्राटदाराकडे बघून म्हणत. तो बिचारा उगाचच साखरेचा डबा झाकायचा.

दुसरी आवडती गोष्ट संत एकनाथांची. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एक पै जुळेना, नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे ती पै सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. तफावतरावांची गोष्ट टाळीपाशी संपते. हेच चित्त देवाकडे लाव, असं स्वामी पुढे म्हणाले, त्यावर हे गृहस्थ म्हणत, "तो नॉन-कॉस्ट आयटम."

मला हा माणूस पहिली सहा वर्षं अजिबात आवडत नव्हता. दर महिन्याच्या सात तारखेला मीटिंग. भिंतीवर तक्ता, तक्त्यात मी लाल. एका महिन्यात परचेसच्या साहेबांनी ब्याण्णव रुपयांचं कास्टिंग अठ्ठ्याऐंशीला मिळवलं. १,०८० नग घेतले, म्हणजे ४,३२० रुपयांची बचत. टाळ्या झाल्या. त्या कास्टिंगच्या पोटात नुसती भोकं होती, हे कळलं आमच्या टूलला. हजार चांगले नग काढताना ऐंशी फुकट गेले. ब्याण्णवच्या प्रमाण दराने ७,३६० रुपये. ते माझ्या नावावर, लाल. तुटलेल्या इन्सर्टचा खर्च निराळा, तोही माझाच. साहेबांना शाबासकी आणि मला खुलाशाची नोटीस. बरं, पद्धतीप्रमाणे चूक कुणाचीच नव्हती. दर बघणं परचेसचं काम, नग किती फुकट गेले ते बघणं माझं. एकाने स्वस्त आणायचं आणि दुसऱ्याने त्याचं महाग प्रायश्चित्त घ्यायचं, अशी तक्त्याची घडणच होती.

त्या संध्याकाळी सहा वाजता तफावतराव शॉपमध्ये आले. बोलले काही नाहीत. रिजेक्शनच्या पेटीपाशी रुमाल अंथरून त्यावर बसले आणि एकेक कास्टिंग उलटंपालटं करत त्यावर ओतलेला हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाण्याचा आकडा, वहीत उतरवू लागले. ऐंशीच्या ऐंशी. पाळी बदलली तरी उठले नाहीत. हात काळे, शर्टाच्या बाहीला ग्रीस. बहात्तर नग एकाच हीटचे, सगळे त्या स्वस्त लॉटमधले निघाले. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात त्या बहात्तरांचा खर्च माझ्या रकान्यातून उचलून परचेसच्या रकान्यात ठेवलेला. साहेब जाम भडकले. तफावतराव शांत. "बाप सापडला. मी फक्त नाव लावलं." उरलेले आठ अर्थात माझेच. त्यांवर त्यांनी लाल पेन्सिल जरा जास्तच दाबली होती, असा माझा संशय आहे.

'किरकोळ' या शब्दाशी त्यांचं उभं वैर. "किरकोळ म्हणजे अनाथाश्रम," म्हणायचे. कंपनीत नवी संगणक प्रणाली आली आणि तिने न जुळलेल्या रकमा आपल्या मनानेच 'अदर्स'मध्ये टाकायला सुरुवात केली, तेव्हा हा माणूस दोन दिवस डबा न उघडता बसून होता. घरी मात्र वहिनींच्या डायरीत रकाने दोनच, किराणा आणि किरकोळ. किरकोळ बहुधा मोठा. भाचीची फी, मोलकरणीच्या मुलाचा चष्मा, भिशी, सगळं त्यात. त्या रकान्याला त्यांनी कधी पेन्सिल लावली नाही. विचारलं तर म्हणाले, "तिथे माझा अधिकार चालत नाही. बजेट तिचं."

गाड्या करणारी मोठी कंपनी दरवर्षी आमच्याकडे दरात कपात मागते, आम्ही ती खालच्या छोट्या शेडवाल्यांकडे ढकलतो. पाणी उताराकडेच जाणार. अशाच एका ब्रॅकेटच्या दरासाठी परचेसचे साहेब, तफावतराव आणि मी एका शेडमध्ये गेलो. दोन ड्रिल मशिनं, एक प्रेस, कोपऱ्यात मालकाची बायको नग तेल लावून कागदात गुंडाळत होती. आमच्या मोठेपणाला साजेसे पोहे आले. तफावतरावांनी घड्याळ काढलं आणि पोह्यांची बशी मांडीवर ठेवून तिचे वीस नग मोजले. खर्चाच्या फोडीत लिहिलं, पॅकिंग मजुरी, नगामागे ४० पैसे.

साहेब म्हणाले, "अहो, ती घरची बाई. तिला कुठे पगार देतात? काढा ते."

"काम झालं का?"

"झालं, पण..."

"मग लिहायला लागतं."

शेडवाला दोघांकडे बघत उभा. त्याला वाटलं आपलीच काहीतरी चोरी पकडली गेली. दर शेवटी परचेसला हवा होता तोच ठरला. कुठला बदलतोय! फक्त पॅकिंगचे ४० पैसे कागदावर राहिले आणि नफ्याच्या रकान्यात तेवढेच कमी झाले. परतताना गाडीत तफावतराव म्हणाले, "आता निदान दिसतंय कुणाचं किती गेलं." मला ते समाधान काही पचलं नाही. त्यांना पचलं असावं, कारण लगेच त्यांनी माझ्याकडे पोह्यांचा विषय काढला. कंपनीच्या कामावर असताना खाल्लेले, कुणाच्या नावावर टाकायचे?

आता निवृत्त होऊन सोसायटीचे खजिनदार झालेत. परवा फोन आला. "तीनशे दहा ना?" आवाज खचलेला. पाण्याचं त्यांनी मार्गी लावलं होतं. उपविधीत पाणीपट्टीची वाटणी नळांची संख्या आणि आकार यावर सांगितली आहे, म्हणून घरोघरी जाऊन नळ मोजले. एका डॉक्टरांचं बाथरूम आतून बंद होतं, तर दाराबाहेर खुर्ची टाकून थांबले. अडलं लिफ्टपाशी. देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, कुणी लिफ्ट वापरो न वापरो, असं उपविधी म्हणतात. आणि तळमजल्यावरच्या आजींनी उभ्या आयुष्यात लिफ्टचं बटण दाबलेलं नाही. ज्याने कुत्र्याचे तास मोजले, त्याने आजींना फुकटचा भुर्दंड लावायचा?

नियम मोडवत नाही आणि हिशेब सोसवत नाही, अशा अवस्थेत त्यांनी आठवडा काढला म्हणे. मग तोडगा निघाला. आजी आता महिन्यातून दोनदा लिफ्टने गच्चीवर जातात, पापड वाळत घालायला. बटण तफावतराव दाबतात, पापडांचं ताटही तेच धरतात, आणि वर पोचल्यावर वहीत वेळ टिपतात.

पापडांचं मात्र अजून ठरत नाहीये. उडीद आजींचे, लिफ्ट सगळ्यांची, गच्ची सोसायटीची, आणि कावळे हाकलायला बसतात ते खजिनदार. मी दोन डझन मागितले तर म्हणाले, "थांबा जरा."

"किती थांबू?"

"कुणाच्या नावावर टाकू ते कळू दे."