मामांचं कुलमुखत्यारपत्र

मुलीला स्थळ आलं तर मुलाच्या चुलत आत्याच्या शेजाऱ्यांपर्यंत जाऊन चौकशी करणारा, मंडईत वांगं चारही बाजूंनी दाबून बघणारा आणि एसटीत शेजारच्याने पुढे केलेलं बिस्किट 'आज गुरुवार आहे' म्हणून नाकारणारा आपला समाज एका बाबतीत मात्र कमालीचा भाबडा आहे. 'हे अ‍ॅप तुमचं नाव, ईमेल, मित्रांची यादी पाहू शकेल आणि तुमच्या वतीने पोस्ट करू शकेल' असं स्क्रीनवर उमटलं, की अंगठा थेट निळ्या बटणावर जातो. वाचत बसलो तर अ‍ॅपला वाईट वाटेल, अशी काहीतरी आपली भावना असावी.

बरं, ही माणसं मुळातच न वाचणारी असती तर गोष्ट वेगळी. माझ्या मोठ्या मामांनी दुय्यम निबंधक कार्यालयात उभी हयात काढली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांची नजर अशी तयार झाली आहे, की लग्नपत्रिकासुद्धा ते चतुःसीमा तपासल्यासारखी वाचतात. 'मुहूर्ताची वेळ अंकी आहे, अक्षरी नाही' असा शेरा मारून मगच आहेराच्या पाकिटाला हात घालतात.

अशा मामांच्या फेसबुकवर एप्रिल 2018 मधल्या एका पहाटे गॉगलची जाहिरात झळकली. सूट ऐंशी टक्के, भाषा इंग्रजी आणि प्रसिद्धकर्ते खुद्द मामा. मामांनी आयुष्यात गॉगल घातला तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, डॉक्टरांनी दिलेला, हिरवा. लोकांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. निवृत्तीनंतर माणूस काहीतरी करतोच. जुन्या सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं आणि व्याह्यांनी खाली विचारलं, 'नंबरच्या काचा टाकून मिळतील का?'

"मला हॅक केलं रे कुणीतरी," मामा फोनवर म्हणाले.

'हॅक झालं' हे फार सोयीचं वाक्य आहे. ते उच्चारलं की अंधाऱ्या खोलीत टोपी घालून बसलेला एक परदेशी इसम डोळ्यांपुढे उभा राहतो आणि आपण आपोआप फिर्यादी होतो. मामांनी पासवर्डही बदलून टाकला होता. नवा पासवर्ड डायरीत लाल शाईने लिहिलेला होता, त्याखाली तारीख आणि सहीसुद्धा. तरी दुसऱ्या दिवशी गॉगल हजर. या खेपेला बायकांचे.

"मामा, त्या अ‍ॅपकडे तुमचा पासवर्ड नाहीच. त्याच्याकडे परवानगी आहे. तुम्हीच दिलेली."

"मी? माझी सही दाखव."

मग मला पुराण सांगावं लागलं. एके काळी हा सगळा कारभार खरोखरच भयंकर होता. ट्विटरला एखादं बाहेरचं अ‍ॅप जोडायचं तर ते अ‍ॅप सरळ तुमचा पासवर्डच मागून घ्यायचं आणि लोक देतही असत. त्यावर उपाय म्हणून 2007 मध्ये ओऑथ नावाची पद्धत आकाराला आली, आणि 31 ऑगस्ट 2010 ला ट्विटरने अ‍ॅपना पासवर्ड वापरून आत येण्याची जुनी वाट बंद करून टाकली. नव्या पद्धतीत पासवर्ड फक्त मूळ कंपनीच्या पानावर टाकायचा. ती कंपनी तुम्हाला विचारते, की हे अ‍ॅप अमुक अमुक मागतंय, देऊ का? तुम्ही हो म्हणालात की अ‍ॅपला एक टोकन मिळतं. त्या टोकनावर लिहिलंय तेवढंच त्याला करता येतं. आणि पासवर्ड बदलला म्हणून ते टोकन मरेलच, असं नाही.

"म्हणजे पूर्वी कोऱ्या कागदावर सही देत होते," मामा सावकाश म्हणाले, "आणि आता विशेष मुखत्यारपत्र देतात. काम नेमून, अधिकार नेमून."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

"मग मी काय लिहून दिलंय?"

"कुलमुखत्यारपत्र."

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. आयुष्यभर पक्षकारांना 'वाचलंत का? समजलं का? मग लावा अंगठा' असं दरडावणारा माणूस होता तो.

रविवारी मी गेलो, तर मामा रेघांचं पॅड घेऊन तयार. रकाने आखलेले: अनुक्रमांक, लिहून घेणार, अधिकार, शेरा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स आणि वेबसाइट्स' उघडलं तसे मामा एकदम प्रसन्न झाले. "हा तर आपला इंडेक्स टू! सगळी नोंद इथे आहे आणि कुणी सांगितलं नाही?" सांगितलं नाही हे खरंच. मालमत्तेचा शोध घेतल्याशिवाय शंभर रुपयेही न देणारे लोक हे पान वर्षानुवर्षं उघडत नाहीत. गूगलवर ते आहे, इन्स्टाग्रामवर आहे, एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, 'कनेक्टेड अ‍ॅप्स' नावाने आहे.

शोध घेतला तेव्हा बोजे भरपूर निघाले. एक शेतीचा खेळ, ज्यात मामांनी सातबारा नसताना भुईमूग पिकवला होता. 'तुमचा चेहरा कोणत्या नटाशी जुळतो'. एक पंचांग. एक टॉर्चचं अ‍ॅप. त्या टॉर्चने मामांच्या मित्रांची यादी घेतली होती.

"उजेड पाडायला मित्र कशाला लागतात?" मामांनी विचारलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'उद्देश व अधिकार यांत मेळ नाही. नामंजूर.'

माझ्या मते या विषयावरचं सगळं शहाणपण या शेऱ्यात आलं. पंचांगाने फक्त नाव आणि ईमेल घेतलं होतं, ते मंजूर झालं. (मंजुरीच्या वेळीसुद्धा घासाघीस करता येते, हे मामांना फार आवडलं. फेसबुकच्या परवानगीच्या खिडकीत बदल करण्याची सोय असते, तिथे मित्रांच्या यादीवरची खूण काढता येते. आपण ती सोय बघत नाही, कारण निळं बटण मोठं असतं.)

गॉगलवाला निघाला तो एका प्रश्नमंजूषेच्या आडून. 'तुमची प्रोफाइल गुपचूप कोण बघतं' हे सांगण्याच्या बदल्यात त्याने मामांच्या नावे पोस्ट टाकण्याचा अधिकार घेतला होता. असं कोण बघतं हे फेसबुक कुठल्याच अ‍ॅपला सांगत नाही. म्हणजे मोबदला शून्य आणि अधिकार सगळे. "विनामोबदला दस्त," मामा पुटपुटले.

त्याच आठवड्यात केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर गेल्याच्या बातम्या चालल्या होत्या. मामांनी कात्रण काढून ठेवलं होतं, पण आकड्यापाशी ते अडले होते. ज्यातून ही माहिती गेली ते 'दिस इज युअर डिजिटल लाइफ' नावाचं व्यक्तिमत्त्व चाचणीचं अ‍ॅप भारतात 335 जणांनी घेतलं होतं आणि माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकने सांगितली ती 5,62,455 भारतीयांची. भागाकार केला तर एका अंगठ्यामागे सोळाशेच्या वर माणसं. त्या काळी अ‍ॅपला मित्रांचीही माहिती उचलता येत असे. ती मोकळीक फेसबुकने 2015 पर्यंत बंद केली, पण तोवर जगभरातली मिळून 8 कोटी 70 लाख खाती या हिशेबात आली होती.

"सामाईक क्षेत्रात एकाच हिस्सेदाराने सही केली आणि बाकीच्यांना नोटीससुद्धा नाही?" मामांचा आवाज चढला. "असा दस्त माझ्या टेबलावर आला असता तर तोंडावर फेकला असता." मग त्यांना टॉर्च आठवला, व्याही आठवले, आणि ते पाणी प्यायला उठले.

आल्यावर म्हणाले, "पण चांगल्या, नावाजलेल्या अ‍ॅपला दिलं तर चालतं ना?" चालतं, पण मुखत्याराच्या घरीही चोरी होते. आदल्याच वर्षी, मार्च 2017 मध्ये, फोर्ब्स आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारखी ट्विटरवरची मातबर खाती एका सकाळी अचानक तुर्की भाषेत बोलू लागली, शेजारी स्वस्तिकाचं नाझी चिन्ह. त्यांच्यापैकी कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. सगळ्यांनी ट्विटर काउंटर नावाचं आकडेवारीचं अ‍ॅप जोडलं होतं आणि घुसखोरी झाली होती तिथे. ते अ‍ॅप रोज वापरणारे त्यात किती होते कोण जाणे. कधीतरी जोडलं आणि विसरले, असे बरेच असणार. जुन्या मुखत्याराचं नेमकं हेच असतं.

मामी आतून ऐकत होत्या. त्यांच्या मोबाइलचा शोध घ्यायला गेलो, तर इंडेक्स टू कोरा. "फोटो गोरा करायचं एक अ‍ॅप घेतलं होतं," त्या म्हणाल्या, "उघडताक्षणी फेसबुकचा पासवर्ड मागायला लागलं. म्हटलं, पावडर लावायला तिजोरी कशाला उघडू? टाकलं काढून." मामींचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. चार वर्षांनी, ऑक्टोबर 2022 मध्ये, फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने जाहीर केलं, की फेसबुकचे पासवर्ड चोरणारी चारशेवर अ‍ॅप त्यांना सापडली आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा भरणा फोटो सजवणाऱ्या अ‍ॅपचा आहे. ही मंडळी परवानगीही मागत नाहीत. खोटं पान दाखवून पासवर्डच उचलतात, म्हणजे पुन्हा 2010 च्या आधीचाच कारभार. म्हणून पान उघडलं की वरचा पत्ता अक्षर अन् अक्षर वाचायचा. मामा हे काम आनंदाने करतात. आता बँकेच्या पानावरही करतात आणि त्या नादात तिथली मुदत संपते.

आज फेसबुकवर हा गॉगल या वाटेने येणार नाही. अ‍ॅपने माणसाच्या टाइमलाइनवर परस्पर लिहिण्याची सोय त्यांनी 2018 च्या ऑगस्टपासून काढून घेतली. तीन महिने वापरलं नाही तर अ‍ॅपची परवानगीही संपते. आधी नेलेली माहिती मात्र त्याच्याकडे राहू शकते. ती खोडायची तर अ‍ॅपवाल्यालाच गाठावं लागतं. एक्सवर तुमच्या नावाने लिहिण्याचा अधिकार अजूनही मागता येतो, त्यामुळे मामा तिथे खातं काढायचं म्हणतात तेव्हा मी विषय बदलतो.

त्या रविवारी शेवटचा दस्त उरला, 'मागच्या जन्मी तुम्ही कोण होतात'. या अ‍ॅपने मामांना पेशवे दरबारातला मुत्सद्दी ठरवलं होतं आणि तसं त्यांच्या टाइमलाइनवर जाहीरही केलं होतं. मामांनी न कचरता 'काढून टाका' दाबलं. तेव्हा खाली एक चौकोन आला, की या अ‍ॅपने तुमच्या नावे टाकलेल्या पोस्टही खोडायच्या का?

मामा थांबले. त्या पोस्टला मामींनी बदाम दिला होता. मामांच्या कुठल्याही पोस्टला मामींनी दिलेला तो एकमेव बदाम. खाली लिहिलं होतं, 'या जन्मी असतात तर बरं झालं असतं.'

मामांनी दाराकडे बघितलं, चौकोन रिकामा ठेवला आणि पॅडवर शेरा लिहिला, 'अधिकार रद्द. दस्त जतन करावा.'