पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवणाऱ्या काकांस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप काकांस, सा. न. वि. वि.

पुतण्या बोटीवर गेला की त्याच्या मोटरसायकलची जबाबदारी आपण आपणहून शिरावर घेता, याबद्दल कोकण-गोव्यातल्या तमाम गॅरेजवाल्यांच्या वतीने आपले आभार मानायला हवेत. मर्चंट नेव्हीतला माणूस सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरी नसतो. गाडी पडवीत मेन स्टँडवर उभी असते. दर रविवारी चहा झाला की आपण स्टार्टर मारता, दोन-तीनदा रेस करता, पाच मिनिटं समाधानाने धूर बघता आणि चावी फिरवून घरात जाता. गाडीची देखभाल होते आहे हे वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जातं. यंत्र चालतं राहिलं पाहिजे, एवढंच आपलं म्हणणं. ते खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच ते पुतण्याला महागात पडतं.

आता थोडा हिशेब. पेट्रोल जळताना नुसता धूर निघत नाही, पाणीही तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड इंजिन पाच मिनिटं जागच्या जागी फुरफुरत ठेवलं तर सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफ आतच निवते आणि पत्र्याला धरून बसते. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते आणि सोबत न जळलेलं पेट्रोलही नेते. हे पाणी ऑइलमधून उडून जायचं तर ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापावं लागतं, आणि त्याला रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं तरी गाडी पळवावी लागते. आपल्या एका रविवारी दोन-चार चमचे पाणी तयार होतं आणि त्यातलं बरंचसं आतच मुरतं. सहा महिन्यांत असे सव्वीस रविवार येतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस बाहेर पडतोच; इंजिनाच्या आत पाडायची सोय आपण केलीत.

‘पण बॅटरी तरी जिवंत राहते ना?’ असं आपण विचाराल. तिचंही ऐका. स्टार्टर मारताना बॅटरीतून एका झटक्यात मोठा करंट जातो. तो भरून काढायचं काम इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचं, पण इंजिन मंद गतीवर असताना त्याच्यातून फार थोडी वीज निघते. त्यातही 1 एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. इंजिन चालू तोवर दिवा चालू. पडवीत भर सकाळी दिवा लावून आपण बॅटरीतून जितकं काढता, तितकं पाच मिनिटांत परत जात नाही. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6च्या वर असतो. तो 12.4च्या खाली रेंगाळू लागला की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसू लागतात, आणि असे थर पुरते बसले की चार्जरही फारसं काही करू शकत नाही. त्यापेक्षा आधी काळी वायर, मग लाल वायर सोडवून बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. यात आवाज होत नाही, हा या उपायाचा एकमेव दोष.

आपल्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. न वापरलेली गाडी बिघडते हे खोटं नाही. त्यावर खरा इलाज म्हणजे हेल्मेट घालून, लायसन्स खिशात टाकून, विमा आणि पीयूसी चालू आहेत हे बघून गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणणं. ते आपण दर पंधरवड्याला करणार असाल तर हे पत्र फाडून टाका. पण जून ते सप्टेंबर आपण फाटकाबाहेर गाडी काढत नाही, आणि काढूही नये. मग उरतो दुसरा मार्ग: तिला नीट झोपवणं. पाच मिनिटांची रविवारची घरघर या दोन्हींच्या मधली आहे आणि तिला दोन्हींचा फायदा मिळत नाही.

झोपवायचं म्हणजे काय, तर आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. इथे आपल्या कपाळावर आठ्या पडतील, कारण वाडीत रबरी नळी घेऊन फिरणारी पोरं कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. पण अर्ध्या टाकीतल्या मोकळ्या जागेत दमट हवा भरते, रात्री तिचं पाणी होतं आणि पत्रा गंजतो. वर फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. ते आपल्याच उसाचं असेल, अभिमान जरूर बाळगा. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचं मिश्रण वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजेक्शनच्या गाडीत तळाशीच पंप असतो. म्हणून टाकी भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घालायचं आणि गाडी थोडी चालवायची, म्हणजे ते पंप व नळ्यांपर्यंत पोचतं. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर शेवटी कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, नाहीतर आतलं पेट्रोल सुकून जेट बुजतात. गाडी झोपवण्यापूर्वी ऑइल बदलायचं. ‘परत आल्यावर बदलू, नवं का वाया घालवा?’ हा प्रश्न काटकसरीचा वाटतो खरा, पण जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल नऊ महिने बेअरिंगांना खात बसते, त्याची किंमत एका डब्यापेक्षा जास्त असते.

इंजिन जाम होईल ही आपली भीती रास्त आहे. तिच्यावर औषध असं: प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल सोडायचं, गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं, प्लग परत बसवायचा. उंदरांना आवाजाने पळवतो असंही आपण म्हणता. कोमट इंजिन पावसाळ्यात उंदराला उलट आवडतं. वायरिंग त्याला तिथेच सापडतं. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे नंतर विसरायला नको. आणि ते प्लास्टिकचं आवरण काढा. ओला पंचा पिशवीत कोंडावा तसा तो प्रकार आहे. सुती चादर पुरे. टायरांत हवा पुरेशी भरावी, साखळी पुसून तेल लावावं, पुढच्या फोर्कच्या क्रोमवर हलकं ग्रीस फिरवावं. यात फार पांडित्य नाही.

‘आमच्या काळी असलं काही नव्हतं,’ हे आपलं शेवटचं अस्त्र. नव्हतंच. तेव्हाच्या कित्येक गाड्यांत बॅटरी फक्त हॉर्न-दिव्यासाठी होती, किक मारली की ठिणगी पडायची, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. पुतण्याच्या गाडीला कदाचित किकच नाही.

तेव्हा काका, येत्या रविवारी चावी खिशातच राहू द्या आणि पाना घेऊन खाली या. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.