हॉर्न दे!

स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण दुसऱ्याने ती कशी चालवावी हे पक्कं ठाऊक असतं, असं एक माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या घरी ते वडील आहेत. नानांनी महाडच्या एका पतपेढीत जन्मभर हिशेब लिहिले, स्टिअरिंगला हात लावला नाही. तरी ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची, आणि तिथून हुकूम एकच : "हॉर्न दे."

श्रावणात साताऱ्याला साखरपुडा होता. मुक्काम एका रात्रीचा, सामान काशीयात्रेचं. भाकऱ्या, जवळ्याची चटणी, घरचं पाणी ("परगावचं पाणी बाधतं"), आणि लॉजवाल्याच्या उशीवर भरवसा नाही म्हणून स्वतःची उशी. पोलादपूर सुटलं, कापडे मागे पडलं आणि आंबेनळी घाट लागला. म्हणजे नानांचा हंगामच लागला! पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर, पण त्यात सरळ रस्ता हुडकावा लागतो. वळण दिसलं की "हॉर्न दे." वळण संपलं की "आता पुढच्याला दे." एका वळणावर म्हैस उभी होती, तिला दिला. कठड्यावर माकडं बसली होती, त्यांनाही द्यायला लावला. "लेकुरवाळी आहेत रे ती."

कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा आला. आता महाराज निघतील आणि हॉर्नला जरा विसावा मिळेल, अशी माझी अटकळ. महाराज निघाले. "१६५९ ला खान एवढी फौज घेऊन जावळीत उतरला, पण वळणापलीकडे कोण उभंय याचा अंदाज नको घ्यायला?" प्रतापगडच्या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलंय, अफझलखान हॉर्न न दिल्यामुळे गेला, हा निष्कर्ष मात्र फक्त आमच्या गाडीत ऐकायला मिळतो.

केळघर घाट, मेढा, सातारा. तिथेही तेच, म्हणून सांगत नाही. लॉजच्या अंधाऱ्या जिन्यात चहा घेऊन वर येणारा पोऱ्या नानांवर आदळला. धोतरावर चहा सांडला त्याचं काही नाही. "बाळा, वळणावर आवाज द्यावा." रात्री दोनच्या सुमारास ते झोपेतही तेच बोलले, आणि माझा हात उशीत हॉर्न शोधू लागला.

परतताना महाबळेश्वरच्या खाली धुकं उतरलं. बॉनेट दिसेना. सवयीने माझा हात हॉर्नवर गेला, तर नाना म्हणाले, "देऊ नको." काच खाली केली, पावसात डोकं बाहेर काढलं आणि कानामागे हात धरला. "खालून एसटी येतेय. चढत्या गाडीला वाट द्यायची. डोंगराकडे घे, थांब."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मिनिटभराने धुक्यातून लाल एसटी निघाली आणि आमच्या आरशाला जवळजवळ चाटून वर गेली. ड्रायव्हरने हात केला. नानांनी असा काही केला, की जणू दोघे एकाच डेपोतून रिटायर होणार आहेत. गृहस्थ इतकी वर्षं नुसतं बोलत नव्हते, ऐकतही होते, हे मान्य करावं लागतं. (त्यांच्यासमोर मान्य करू नये.)

पुढे दाभिळ टोक आलं. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते, त्यांची बस याच घाटात दरीत गेली. एकच जण वाचला. महाड-पोलादपूरची पोरं, महाबळेश्वरचे ट्रेकर्स दोर लावून खाली उतरले होते. नानांनी हात जोडले. वळण आलं तरी ते बोलले नाहीत, म्हणून हॉर्न मीच दिला.

"एवढ्या जोरात कशाला?" नाना म्हणाले.

घाटात असं माणूस शेजारी असावंच. सपाटीला लागताच मात्र त्यांना मागच्या सीटवर बसवा, आणि उशी हातात द्या.