परग्रहावरची शहजादी

कोवळी नायिका, दूरच्या ग्रहावरचा राजपुत्र, क्रूर सम्राट, निषिद्ध प्रेम आणि मुखपृष्ठावर ‘मालिकेतला पहिला भाग’. तरुणांसाठीची ही विज्ञान-प्रेमकादंबरी अगदी नवी आहे, असं प्रकाशक शपथेवर सांगतात. ही शपथ लखनौच्या चौकात मात्र कुणी घेऊ नये. तिथल्या अफूबाज रसिकांना दास्तानगो, म्हणजे कथा सांगणारे, हाच माल रात्र-रात्र ऐकवत. पुढे १८८३ पासून नवलकिशोर छापखान्याने तो ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ म्हणून छापलाही. शहजादा असद निघतो तिलिस्म, म्हणजे जादूने रचलेलं राज्य, फोडायला आणि पडतो प्रेमात, तेही शत्रूच्या गोटातल्या महजबीनच्या! जादूगार बादशहा अफ्रासियाबकडे सामरीची किताब. उघडली की कोण कुठे काय करतंय ते कळतं. (चार्जिंगची कटकट नाही.) पहिले चार भाग मुहम्मद हुसैन जाहचे, पुढचे अहमद हुसैन कमरचे. म्हणजे लेखक बदलून मालिका ओढत नेण्याची युक्तीसुद्धा जुनीच. त्यात विज्ञान तेवढं नव्हतं, हे कबूल. पण ते नव्या कादंबरीत तरी कोणत्या पानावर आहे?