कुठं थांबणार ते माहीत असायचं

आमच्या कॉलनीत कंपाउंडच्या भिंती छातीएवढ्याच बांधल्यात. चोराला त्यांची अडचण नाही आणि बोलणाऱ्याला सोय आहे. आमची, आक्कांची आणि नानांची भिंत जिथं मिळते तिथं कढीपत्त्याचं झाड आहे. झाड आक्कांचं, सावली नानांची, पाला आमच्या ओट्यावर. बारामतीतली निम्मी बातमी त्या कोपऱ्यात येऊन पिकते.

"ऐकलं का," आक्का म्हणाल्या, "टोकाच्या बंगल्यातली नवी गाडी पुण्याला गेली."

"मग त्यात काय? गाडी पुण्याला जाणारच."

"चालत नाही गेली. ट्रकवर बसून गेली."

मग सगळं सविस्तर आलं. टीव्हीएवढा स्क्रीन, उघडणारं छत, घेतली तेव्हा गल्लीभर पेढे. आणि परवा सकाळी फाटकातच मेली. शोरूमचा पोरगा आला, लॅपटॉप जोडला, "सेन्सर" एवढंच म्हणाला आणि ट्रक बोलावून मोकळा झाला. कंपनीचं नाव आक्कांनी दोनदा घेतलं. मी घेत नाही. आजचा विषय तो नाही, आणि पेढे मीही खाल्लेत.

सेन्सर हा शब्द ऐकून नाना पेपर टाकून भिंतीपाशी आले. नानांची उभी हयात वालचंदनगरच्या कारखान्यात मशीन शॉपला गेली. जिथं इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होतात तिथं तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोटारीतल्या सेन्सरचं काय कौतुक असणार?

"भरवशाची गाडी एकच," नाना म्हणाले. "फियाट. आणि ती आपल्या तालुक्याची."

"तुमचा तालुका इंदापूर," आक्का. "आमच्यात कालवू नका."

पण नानांचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्याचंच पुढं वालचंदनगर झालं. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला मोटारींचा कारखाना घातला. आधी तिथं अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून जी ११०० डिलाइट निघाली, तिचंच सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं. नाव बदललं तरी गिऱ्हाईक बदललं नाही. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. म्हणजे ज्या माणसानं नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवला, त्याच माणसाच्या कंपनीची गाडी पुढं मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी नाना जेवले नाहीत असं नानी सांगतात. नाना म्हणतात, पित्त होतं.

नानांची फियाट जुनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढं सलग बाक, त्यावर तिघं आणि मांडीवर एक. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. जुनी मिळाली तरी माणूस आधी मोरगावच्या गणपतीला नेऊन आणायचा.

"एकदा दगा दिला नाही," नाना म्हणाले.

"दिवे घाटात कोण थांबायचं मग?" नानी आतून. नानींना स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं, फक्त नानांनी चहा मागितलेला तेवढा येत नाही.

"ते थांबणं नव्हे. मे महिन्यात पेट्रोलची वाफ व्हायची, पंप ओढायचा नाही. त्याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं कलिंगड खायचं, की गाडी चालू. पुण्याहून येताना ती कुठं थांबणार ते माहीत असायचं. आम्ही कलिंगड बरोबरच घ्यायचो."

मला विचाराल तर इतकी मोकळी कबुली गाडीबद्दल क्वचित ऐकायला मिळते. नाना पुढं सांगत राहिले. कॉन्टॅक्ट पॉइंट जळले तर पॉलिश पेपर मारायचा. रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकायची. पेट्रोलची टाकी पाझरली तर भेगेत साबण घासायचा.

"हळद काय, साबण काय," आक्का म्हणाल्या, "गाडी होती का बाळंतीण?"

आक्कांचा पक्ष मारुतीचा. ८०० पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हातात पडली ती १४ डिसेंबर १९८३ ला, इंदिरा गांधींच्या हस्ते. किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. आक्कांकडं आली ती बऱ्याच नंतर, पांढरी, आणि अजून आहे. आक्का सणसरच्या शाळेत बाई होत्या. त्यांच्या आधी आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई नव्हती, आणि याचं श्रेय आक्का स्वतःला न देता गाडीला देतात. ते मला पटतं. फियाटच्या स्टिअरिंगला दंडात जोर लागायचा, चोक किती ओढायचा याचंही एक गुपित असायचं, आणि ते गुपित पुरुष जपून ठेवायचे. आक्कांच्या मारुतीनं ते घालवलं. किल्ली फिरवली की ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन शिवणयंत्रासारखं सुरू. नवऱ्याला हाक मारायची गरज नाही, मेस्त्रीलाही नाही.

"पावसाळ्यात उसाच्या पाणंदीत रुतायची की," नाना.

"रुतली तर चार पोरं उचलून बाहेर ठेवायची. तुमची फियाट उचला बरं चौघांत."

यावर नानांकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी अँबेसिडरचा विषय काढला. कारखान्याचे चेअरमन, सभापती, आमदार सगळे तिच्यात बसायचे, मागं पांढरा टर्किश टॉवेल अंथरून. पण ती स्वतः पैसे घालून कुणी घेतलेली आमच्या तिघांच्याही ओळखीत नाही, त्यामुळं भरवशाचं सर्टिफिकेट कोण देणार? २०१४ साली दोन्ही गेल्या. जानेवारीत ८०० बंद झाली, मे महिन्यात अँबेसिडर. आक्का म्हणतात आपली राणी होती, ती पुढारी होती, फरक बघा.

इतक्यात नानांचा पुतण्या डबा घेऊन आला. तो एमआयडीसीत पियाजिओत आहे. इटलीच्या या कंपनीचा कारखाना बारामतीत नव्वदच्या दशकाअखेरीपासून आहे. अ‍ॅपेची तीनचाकी इथंच बनते, २०१२ पासून व्हेस्पाही. त्यानं अर्धी चर्चा ऐकली आणि निकाल देऊन टाकला. "भरवशाची म्हणाल तर आमची अ‍ॅपे. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी मार्केट यार्डात कांदा, संध्याकाळी लग्नाचं वऱ्हाड. एक सिलिंडर, बिघडायला आहेच काय त्यात?"

"तीन चाकांची गाडी गाडीत धरायची का?" आक्कांनी हरकत घेतली.

नाना मात्र खूश. फियाट इटलीची, अ‍ॅपे इटलीची. "बघा, इटलीवाले गाडी करतात आणि चालते आपल्याकडं."

पुतण्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण भिगवण, लासुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात कुणालाही विचारा, पहिलं नाव जीपचं येईल. कमांडर, नंतर २००० पासून नाशिकची बोलेरो. काही जीपना महिंद्रांच्या ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं डिझेल इंजिन होतं. म्हणजे गावात ट्रॅक्टरचा मेस्त्री असला की जीपचाही झाला. जीप शेती खात्याच्या साहेबाला घेऊन उसाच्या नोंदीला जायची, वडापवाल्याकडं असली तर नऊच्या जागी वीस माणसं घ्यायची. अडलेली बाई रात्री दवाखान्यात न्यायची झाली तरी तीच. दरवाज्याच्या जागी ताडपत्री, पाय ठेवायला मागचा बंपर. सुरक्षित होती असं कुणी म्हणू नये. पण तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला आली की वाटेवर दिंड्यांची जी वाहनं दिसतात, त्यांत पंधरा-वीस वर्षं मागची एक तरी जीप किंवा ट्रॅक्स असतेच, आणि तिचं बोनेट उघडलं की शेजारच्या दिंडीतला कुणीतरी हात काळे करायला येतो.

तिथंच आमचं भांडण खरं रंगलं. नानांचं म्हणणं, भरवसा गाडीवर नसतो, ती जिथं बंद पडेल तिथल्या माणसांवर असतो. फियाट आणि जीप कुठंही दुरुस्त व्हायच्या. आक्का म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या दुरुस्त झालेल्या वेळा मोजता. बंद पडलेल्या मोजा ना. आत्ताच्या गाड्या वर्षात एकदा सर्व्हिसिंगला जातात, तुमची दर रविवारी बोनेट वर."

आकड्यांचा हिशेब आक्कांच्या बाजूनं आहे, यात मला शंका नाही. इंजेक्शनच्या इंजिनांनी कार्बोरेटरची रोजची कटकट संपवली, डिझेल गाड्या लाख-दोन लाख किलोमीटर सहज जातात. पण आक्कांनी हेही मान्य करायला हवं की टोकाच्या बंगल्याबाहेर परवा आम्ही सहा जण उभे होतो, त्यांतल्या चौघांनी उमेदीत गाड्या खोललेल्या, आणि कुणाला बोनेट उघडायची खटकी सापडली नाही. नाना तर हातात पान्हा घेऊन गेले होते. तसाच परत आणला.

"ते सोडा," नाना म्हणाले. "तुमच्या ८०० चं पासिंग कधी?"

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिची फी सहाशेवरून पाच हजार झाली, वर हरित कर. आक्का एमएच ४२ च्या ऑफिसात स्वतः गाडी घेऊन जातात. गेल्या वेळी तिथल्या एजंटानं भंगारचा भाव सांगितला, तर आक्कांनी त्याला त्याच्या मोटरसायकलचं मॉडेल विचारलं.

"यंदा काढा की," नाना आवाज खाली आणून म्हणाले. "एवढे पैसे कशाला घालवता? मी घेतो. घरातली घरात राहील."

आक्कांनी कढीपत्त्याची एक डहाळी मोडली, पाटीत टाकली.

"विकायची असती तर कुणालाही दिली असती, नाना. तुम्हाला नाही. चालू गाडी तुम्ही रविवारी उघडून बसाल."

आतून नानींनी चहा झाल्याची हाक मारली. न मागता.