मुन्सफसाहेब

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये राज्यातील वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडले जातात, आणि ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती याची रीतसर तपासणी होऊन ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. परंतु वाचनालयात दररोज किती वाद होतात, ते किती वेळ चालतात आणि त्यांतून खुर्च्या कितपत सुखरूप बाहेर पडतात, यासाठी तपासणीच्या तक्त्यात एकही रकाना नसल्यामुळे नांदेडच्या वजिराबादेतील आमच्या वाचनालयास अद्याप 'क' वर्गावरच समाधान मानावे लागत आहे. तसा रकाना असता तर आमचा 'अ' वर्ग कोणी अडवू शकले नसते, आणि त्याचे सारे श्रेय आमच्या मुन्सफसाहेबांच्या पदरी पडले असते.

मुन्सफ ते कधीही नव्हते. उभी नोकरी त्यांनी दिवाणी न्यायालयात खऱ्या मुन्सफांपुढे मिसली ठेवण्यात घालविली, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी हार, नारळ व शाल यांच्यासह घरी परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आले की आता आपल्यापुढे वादीही नाही आणि प्रतिवादीही नाही. त्यांचे तीर्थरूप निजामी अमलात अव्वल तालुकदाराच्या कचेरीत पेशकार होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, उर्दू दप्तरे कपाटांत गेली, हाली सिक्काही पुढे चलनातून उठला, तरी त्या घरातील बोलण्याचे चलन काही बदलले नाही. भाजीत मीठ कमी पडले तर मुन्सफसाहेब आजही 'तक्रार गुदरतात', आणि नातू उशिरा घरी आला तर त्याची 'जबानी' होते. वडिलोपार्जित शब्दसंपत्तीबरोबर त्यांना आणखी एक वस्तू मिळाली आहे: कागदावर रेघा आखण्याचा, एका टोकास झिजलेला, सागवानी गोल रूळ. वाचनालयातील लांब मेजाच्या शिरोभागी बसून हा रूळ ते ज्या अधिकाराने आपटतात, तो अधिकार त्यांना कोणी दिला याची चौकशी करण्याचे धैर्य अद्याप एकाही कार्यकारी मंडळास झालेले नाही.

त्यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ एका बंदीहुकुमाने झाला. सायंकाळी साडेपाचपासून साडेसातपर्यंत वृत्तपत्रे चाळून झाल्यावर आमचे सभासद राजकारणावर बोलत, आणि एका निवडणुकीच्या हंगामात कपाटाची काच फुटून संतवाङ्मयाचा पूर्ण विभाग उघडा पडला, तेव्हा मुन्सफसाहेबांनी फर्मान काढले की यापुढे या मेजावर पक्ष, जात आणि पुढारी हे तिन्ही विषय वर्ज्य राहतील. बोलायचे असेल त्याने यंत्र आणि तंत्र यांवर बोलावे, कारण यंत्रास जात नसते. हा तर्क वरपांगी बिनतोड होता. पण पुढे विजेचे स्मार्ट मीटर येणार अशी बातमी छापून आली, आणि यंत्रास जात नसली तरी पक्ष असतो, पुढारी असतो व शिवाय बिलही असते, हे त्या एकाच सायंकाळी सिद्ध झाले. फर्मान मात्र त्यांनी मागे घेतले नाही. दिलेला हुकूम वरिष्ठ न्यायालयाखेरीज कोणी फिरवू नये, ही त्यांची निष्ठा, आणि आमच्या वाचनालयाच्या वर फक्त गच्ची आहे.

नवी उपकरणे आणि वाद यांचे सख्य किती दाट असते हे ज्याने पाहिलेले नाही, त्याने आमच्या मेजाशी एक संध्याकाळ बसावे. तेथे एक गृहस्थ असे आहेत की विमानापासून मोबाइलपर्यंत सर्व काही आपल्या पूर्वजांस अवगत होते असे ते सप्रमाण सांगतात, परंतु स्वतःचा मोबाइल बंद पडला की पूर्वजांकडे न जाता महावीर चौकातल्या दुकानदाराकडे जातात. दुसऱ्या एकांचा भाचा पुण्यास हिंजवडीत नोकरीस आहे, आणि या भाच्याने जगातील प्रत्येक शोध लागण्यापूर्वीच मामांस कळविलेला असतो. तिसरे गॅरेजवाले सरदारजी. ते फार बोलत नाहीत, पण बॅटरीच्या स्कूटरचे नाव निघताच त्यांची मुद्रा अशी होते की त्यांच्या डोळ्यांदेखत कोणी गोदावरी आटवीत आहे. चौथे, केवळ मथळा वाचून मत बनविणारे. ते एकटेच असते तर मी त्यांचे स्वतंत्र वर्णन केले असते. पण त्यांची संख्या मोठी आहे आणि प्रस्तुत लेखकाचाही त्यांत समावेश होतो.

या सर्वांना एका दोरीत बांधण्यासाठी मुन्सफसाहेबांनी जो दस्तूर घालून दिला, तो वरून दिसतो तितका सोपा नाही. यंत्राविषयी हवे ते बोलावे, यंत्र घेणाऱ्याच्या तीर्थरूपांविषयी बोलू नये, हे त्यातील पहिले कलम. आणि ज्यांना बोलताना संताप आवरत नाही त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून द्यावे, ते आपण 'तपासून' वाचून दाखवू, हे दुसरे. या तपासणीतच त्यांची प्रतिभा प्रकट झाली. कागदावर 'मूर्ख' असे असेल तेथे ते 'अनभिज्ञ' करीत, 'चोर' असेल तेथे 'लाभार्थी' करीत, आणि 'गाढव' हा शब्द आला तर चष्मा काढून, तो पुसून, परत लावून त्या जागी 'कष्टाळू' असे लिहीत. पहिले काही आठवडे मेजावर अशी सभ्यता नांदली की बाहेरून येणाऱ्यास वाटावे, येथे सत्कारसमारंभ चालला आहे. पण शब्द बदलला तरी त्याच्या पोटातले विष कोठे जाणार? सभासदांनी तो कोश हळूहळू मुखोद्गत केला, आणि एका सायंकाळी पूर्वजवाल्यांनी मामांस भर सभेत 'कष्टाळू' म्हटले तेव्हा मामा बाह्या सरसावून उठले. 'अनभिज्ञ' आणि 'लाभार्थी' या शब्दांवर तर त्यापूर्वीच दोन पेले फुटले होते. सरतेशेवटी मुन्सफसाहेबांना आपणच घडविलेले हे निरपराध शब्द एकामागून एक बंदिशाळेत टाकावे लागले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कोशरचनेचा नाद कायमचा सोडला.

त्यांच्या न्यायदानाचा खरा नमुना मी पाहिला तो ई-पीक पाहणीच्या प्रकरणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच आपल्या मोबाइलवरून पिकाची नोंद करावी अशी व्यवस्था झाली, आणि तलाठ्याच्या मागे फिरण्याचा त्रास वाचला म्हणून मामांनी तिची स्तुती चालविली असता अर्धापूरकडील एक केळीबागाईतदार मेजाच्या टोकावरून म्हणाले, "मामा, तुमचं सगळं खरं हाय, पर फोटू काढायचा तर त्याच गटात उभं राहावं लागायलंय, अन् रेंज यायलीय ती शेजाऱ्याच्या बांधावर. केळी कुठं न्यावी म्या, अन् मोबाइल कुठं?"

मामा म्हणाले, "तो तंत्राचा दोष नव्हे, जागेचा दोष."

"मग शेत हलवतो की!"

येथे वादास तोंड फुटले. भाच्याचे दाखले निघाले, पूर्वजांची नक्षत्रे निघाली, मथळेवाल्यांनी परस्परविरुद्ध असे चार मथळे सादर केले. आणि मुन्सफसाहेब शांतपणे एका बहीत दोन्ही बाजूंचे मुद्दे टिपून घेत होते. शेवटी त्यांनी रूळ आपटला व निकाल दिला, तो असा की, उभयपक्षांचे म्हणणे ऐकले, कागदपत्र पाहिले, केळीबागाईतदारांनी पुढील तारखेस रेंजचा पुरावा हजर करावा, मामांनी भाच्याचे प्रतिज्ञापत्र आणावे, तोवर प्रकरण तहकूब. तो पुरावा कधी आला नाही, भाच्यास प्रतिज्ञापत्राची वार्ताही कळली नाही, आणि दोघेही पक्षकार दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या ठोक्यास आपापल्या खुर्चीवर होते. मी एकदा धीर करून विचारले, की साहेब, आपण एकाही वादाचा निकाल का देत नाही? ते म्हणाले, "निकाल लागला की हरलेला पक्ष अपिलात जातो. आपल्याकडे अपील नाही. म्हणजे तो घरीच बसणार. मग उद्या इथे येणार कोण?"

कापसाच्या बियाण्याचा दावा तर अकरा बैठका चालला. येथील कापूस संशोधन केंद्रातून १९८४ मध्ये बाहेर पडलेले 'नांदेड-४४' हे संकरित वाण आमच्याकडील वयस्क शेतकऱ्यांच्या बोलण्यात अद्याप घरच्या कर्त्या मुलाप्रमाणे येते, आणि २००२ नंतर आलेल्या बीटी बियाण्याने त्याला शिवारातून उठविले ही सल त्यांच्या मनातून गेलेली नाही. उलट बोंडअळीपायी फवारण्या करून ज्यांचे हात कडू झाले त्यांना बीटीचे पहिले हंगाम आठवतात. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच त्या दाव्याची अडचण होती. अकराव्या बैठकीच्या शेवटी मुन्सफसाहेबांनी 'मिसल दाखल दप्तर' असा शेरा मारला आणि दोन्ही पक्षांस स्वखर्चाने चहा पाजला. त्या मेजावर त्यांनी स्वतःचा पैसा खर्च केल्याचा हा एकमेव ज्ञात प्रसंग होय.

मुन्सफसाहेबांची लेक लातुरास दिली आहे, आणि तिच्याकडे ते गेले की गंजगोलाईजवळच्या तशाच एका वाचनालयात जाऊन बसतात. सोळा रस्ते ज्या वर्तुळास येऊन मिळतात त्या बाजारपेठेत प्रत्येक विषयास सोळा बाजू असल्या तर नवल नाही. पण तेथील लवाद हे निवृत्त शिक्षक असून त्यांची पद्धत अगदी निराळी आहे. ज्या गावाने अभ्यासाचा स्वतःचा 'पॅटर्न' निर्माण केला, तेथे वादही गुणांवर चालतो: मुद्द्याच्या उत्तरास चार गुण, चुकीच्या विधानास एक गुण वजा, जशी वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत चाल आहे तशीच. आमच्या मुन्सफसाहेबांस ही पद्धत प्रथम फार आवडली, परंतु एका सभासदाने फेरतपासणीचा अर्ज केला, दुसऱ्याने उत्तरसूचीवरच आक्षेप घेतला, आणि तिसऱ्याने वादात उतरण्यापूर्वी शिकवणी लावल्याचे उघड झाले, तेव्हा ते म्हणाले, "आमची तारीख बरी."

तेथला एक वाद मात्र ते नेहमी सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरातील पाण्याच्या टाक्या व विहिरी यांच्या परिसरात जमावबंदीचे १४४ कलम लागू झाले होते, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या संध्याकाळी एका पक्षाने हा यंत्रयुगाचा विजय ठरविला, कारण ज्या मार्गाने हे पाणी आले तो पूर्वी अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग, आणि रूळ रुंद झाले नसते तर एवढ्या टाक्या ओढणे त्या बिचाऱ्या गाडीस साधले नसते. दुसऱ्या पक्षाने कागदावर हिशेब मांडून दाखविले की पंधरा लिटरची घागर धरली तर या साऱ्या थाटामाटातून ३३,००० घागरी हाती येतात, आणि शहर तर लाखांचे. शिक्षकांनी दोघांस पूर्ण गुण दिले. पण मुन्सफसाहेब येथे थांबत नाहीत. त्याच बैठकीत कोणीतरी सहज म्हणाले, की जुनी दगडमातीची घरे कशी थंडगार असत, हल्लीच्या सिमेंटच्या घरांनी उकाडा वाढविला. आणि एरवी ज्या विधानावर सोळा हात वर झाले असते त्यावर एकही हात वर झाला नाही. किल्लारीकडचे एक वृद्ध कोपऱ्यात बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे झोपली असता, त्याच दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या गावावर उतरल्या होत्या. ते काही बोलले नाहीत. शिक्षकांनी वही मिटली, गुण मांडले नाहीत, आणि मंडळी एकेक करून उठली. मुन्सफसाहेब एवढे सांगून रूळ हातात फिरवीत बसतात आणि मग एकदम विषय बदलतात.

गेल्या दिवाळीत आमच्या मेजावर नवाच दावा दाखल झाला. मामांचा तो बहुश्रुत भाचा प्रत्यक्ष सुटीवर आला होता, आणि त्याने असे प्रतिपादन केले की वादांवर देखरेख ठेवण्यासाठी आता मनुष्याची आवश्यकता उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येक वाक्य वाचून त्यातील शिवी ओळखते व ते वाक्य आपोआप बाजूस काढते. प्रयोगादाखल त्याने मोबाइल मेजावर ठेवला. केळीबागाईतदार त्यात म्हणाले, "मामा, तुमच्या अकलेला तर तोडच नाही, तिला दाराशी बांधून पूजा करावी." यंत्राने ते प्रशंसापर ठरविले. मागोमाग सरदारजींनी सांगितले की काल आपण टायर फाडून आतली ट्यूब बाहेर काढली व तिला चांगली ठोकली. यंत्राने ताबडतोब हिंसेची सूचना दिली. सभा हसत होती. पण भाचा म्हणाला, की या त्रुटी वर्षभरात जातील, आणि मग मुन्सफकाकांना आराम.

हास्य थांबले व सर्वांच्या नजरा शिरोभागाकडे वळल्या. मुन्सफसाहेब उभे राहिले. ज्या दाव्यात आपण स्वतः पक्षकार आहोत त्याची सुनावणी आपल्यापुढे चालणे कायद्यास धरून नाही, असे त्यांनी शुद्ध न्यायालयीन भाषेत निवेदन केले, रूळ मेजावर ठेवला, खुर्ची सोडली आणि खालच्या बाकावर, मामा व पूर्वजवाले यांच्या मधोमध, येऊन बसले. आणि मग बोलू लागले. पहिली दोन मिनिटे त्यांनी यंत्राविषयी सांगितले, तिसऱ्या मिनिटास ते यंत्र बनविणाऱ्यांकडे वळले, चौथ्यास हिंजवडीकडे, पाचव्यास भाच्याच्या शिक्षणाकडे, आणि सहाव्यास, बंदिशाळेत टाकलेले ते सर्व शब्द एकदम सोडून देऊन, 'कष्टाळू' मामांच्या घराण्याकडे. आवाज रस्त्यावर गेला. शिपाई चहाचे पेले आवरू लागला. कपाटाच्या नव्या काचेकडे मी चिंतेने पाहत होतो, इतक्यात अर्धापूरचे केळीबागाईतदार टोकावरून सावकाश उठले, रिकाम्या खुर्चीपाशी गेले, रूळ उचलून त्यांनी मेजावर एकदा हलकेच आपटला, आणि म्हणाले,

"साहेब, मुद्द्यावर या."