म मन्मथाचा

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारेला जावं आणि भर गर्दीत "ए मन्मथ!" अशी एक हाक मारून पाहावी. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळचं हे ठिकाण. तिथं त्या दिवशी लातूर, अहमदपूर, उदगीर, नांदेड अशा चहूबाजूंनी माणसं आलेली असतात, त्यातली कितीतरी पायी. हाक ऐकून किती फेटे आणि टोप्या एकदम मागं वळतील ते सांगता येत नाही, पण हाक मारणाऱ्याला बराच वेळ "तुम्हाला नाही हो, तुम्हाला नाही" करत फिरावं लागेल.

हेच नाव हल्ली पुण्या-मुंबईतले आईबाप मोबाइलवर दुर्मीळ पौराणिक नावांच्या यादीत शोधून काढतात. यादीत अर्थ दिलेला असतो, कामदेव. रास सिंह. लोकप्रियता अगदी कमी, म्हणजे हल्लीच्या हिशेबानं अगदी उत्तम. वर्गात दुसरा कुणी त्या नावाचा असता कामा नये, ही आता बारशाची पहिली अट झाली आहे. गंमत अशी की यादी चाळणाऱ्या त्या बापाचं मूळ गाव कधी कधी अहमदपूर किंवा मुखेड तालुक्यात असतं, आणि तिथल्या पारावर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांत एक तरी मन्मथअप्पा निघतोच.

आता या नावातला खरा पेच पाहा. मन्मथ म्हणजे मन घुसळून काढणारा, मदन. आणि लातूर-नांदेडकडं हे नाव मुख्यतः ठेवतात ते लिंगायत घरांत, म्हणजे गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्म आणि ओठांवर शिवनाम असलेल्या घरांत. पुराणात शिवाचं आणि मन्मथाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. तारकासुराला मारायला शिवाचा मुलगा हवा होता आणि शिव समाधी लावून बसले होते. देवांनी मन्मथाला पाठवलं. उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी आणि फुलांचे पाच बाण, एवढ्या सामानावर. निवडणुकीच्या ड्युटीवर धाडलेल्या शिक्षकासारखी त्याची गत झाली. काम वरच्यांचं, हुकूम वरच्यांचा आणि रोष मात्र याच्या एकट्यावर. तिसरा डोळा उघडला, राख झाली. शिवभक्तांनी पोराला त्या राख झालेल्याचं नाव का ठेवावं?

याचं उत्तर पुराणात शोधून मिळत नाही, ते कपिलधारेलाच मिळतं. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संतकवी. त्यांनी मराठीत 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, अभंग रचले. गावोगावच्या अखंड शिवनाम सप्ताहात आजही त्या ग्रंथाचं पारायण बसतं. सकाळी पारायण, रात्री शिवकीर्तन आणि शेवटच्या दिवशी प्रसादाची पंगत. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज शंभरी ओलांडून २०२० साली गेले. कपिलधारेच्या पदयात्रेशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. अशा मुलखात मन्मथ म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढं फुलांचा बाण येत नाही, स्वामी येतात. एका माणसानं ते नाव इतकं नीट वापरलं की देवाचा त्यावरचा हक्कच सुटला. मदनदहनाची गोष्ट कीर्तनात येते तेव्हा समोर बसलेले मन्मथअप्पा तीही मान डोलवत ऐकतात.

कित्येक घरांत थोरला शंकर आणि धाकटा मन्मथ असतो. दोघं एका ताटात जेवलेले असतात. तिसरा डोळा उघडायची वेळ येते ती पुढं वाटण्या झाल्यावर, बांधावरून. त्यातही कुणाची राख होत नाही. मोजणी येते, दगड रोवला जातो आणि पुढच्या पेरणीपर्यंत शांतता नांदते.

या नावाची खरी मजा मला वाटते ती घरातल्या हाकांत. आमच्या भागात आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत जुनी. आजोबा मन्मथ, मुलगा बसवराज, नातू पुन्हा मन्मथ. नाव ठेवलं खरं, पण घेणार कोण? आजी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. म्हणजे पोराला दिवसातून पन्नास वेळा हाक मारणाऱ्या दोन्ही बायकांना त्याच्या नावाची बंदी. मग गुडघाभर पोराला सगळं घर "अप्पा" म्हणतं. "अप्पा, नाक पूस," "अप्पा, मार खाचील बघ" अशी आदरयुक्त दमदाटी चालते. आजोबांच्या नावानं नातवाला रागावताना जीभ अडते, म्हणून अशा घरांत नातवंडं जरा जास्तच लाडावलेली निघतात, हे माझं निरीक्षण आहे. शास्त्राधार मागू नये. आपलं खरं नाव मन्मथ आहे हे त्या पोराला शाळेच्या हजेरीत कळतं. तिथंही गुरुजींनी ते कधी 'मनमथ' लिहिलेलं असतं, कधी 'मन्मत'.

नांदेड जिल्ह्यातून देगलूर किंवा धर्माबादच्या बाजूनं पुढं गेलं की तेलंगण लागतं. तिकडच्या बोलीत हाच शब्द अगदी दुसऱ्या तोऱ्यात वावरतो. नागार्जुनचा 'मन्मधुडु' हा तेलुगू सिनेमा २००२ साली आला. त्या नावात मठ नाही, पारायण नाही. आहे तो निव्वळ मदनाचा पुतळा. तेलुगू सिनेमे सीमेवरच्या गावांत आवडीनं पाहिले जातात, तेव्हा एकाच गावात भिंतीवरच्या पोस्टरात एक मन्मथ आणि पारावर दुसरा, असं दृश्य सहज जमून येत असणार. दूर बंगालीत तर मन्मथनाथ हे जुनं, भारदस्त नाव आहे. काकोरी खटल्यातले क्रांतिकारक मन्मथनाथ गुप्त याच नावाचे. वय लहान म्हणून ते फाशीतून वाचले आणि चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली. यादीतला 'कामदेव' हा अर्थ त्यांच्यापुढं ठेवून बघा, काही जुळतं का.

नाव एक आणि माणूस भलताच, हा प्रकार आमच्याकडं थोर माणसांतही आहे. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर स्वतःला नास्तिक म्हणवत आणि नाव मात्र खांबातून प्रकटलेल्या अवताराचं वागवत. ते बोलायला उभे राहिले की समोरचे खांब सावध होत असतील, हा भाग वेगळा.

मन्मथाचं पंचांगाशीही नातं आहे. साठ संवत्सरांत एकाचं नाव मन्मथ आणि त्याच्या लगेच पुढच्याचं दुर्मुख. शके १९३७, म्हणजे २०१५चा गुढीपाडवा ते २०१६चा गुढीपाडवा, हे मन्मथ नाम संवत्सर होतं. मराठवाड्याला ते दुष्काळात काढावं लागलं. ८ एप्रिल २०१६ला गुढ्या उभारून दुर्मुख संवत्सर लागलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी भरलेली पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत सगळ्यांनी मिळून एका पिकाकडं बोट दाखवलं होतं, ते म्हणजे ऊस. मन्मथाच्या हातातलं धनुष्य उसाचंच असतं हे मी तेव्हा एका अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "मग त्याला कारखान्याची टोळी मिळाली का वेळेवर?" पुराणातल्या शस्त्राकडं असं पाहणारा माणूस उसाच्या पट्ट्यातच भेटतो.

पुढच्या पिढीत हे नाव किती उरेल याची मला जरा काळजी आहे. निकालानंतर लातूरच्या ट्युशन एरियातले फलक वाचावेत. पोरांची नावं रुद्र, शिवांश, अथर्व, आर्यन. मधे बापाचं नाव : बसवराज, शिवकुमार, नागनाथ, वैजनाथ. नागनाथ म्हटलं की औंढा आठवतो, वैजनाथ म्हटलं की परळी, सिद्धेश्वर म्हटलं की लातूरचं ग्रामदैवत, आणि घरात अनुसया असेल तर आजी माहूरला जाऊन आलेली असणार. शिवांश कुठला ते सांगता येत नाही; तो लातूरचा असेल, ठाण्याचा असेल, न्यू जर्सीचाही असेल. नाव गोड आहे, तक्रार नाही. पण महाराष्ट्रात आपण आपलं नाव, बापाचं नाव (२०२४पासून जन्मलेल्यांना आईचंही) आणि आडनाव एवढंच लिहितो, त्यामुळं आज्याला त्या ओळीत शिरायला वाटच एक असते, नातवाच्या जागेवरून. ती बंद झाली की मन्मथअप्पा राहणार सातबाऱ्यावर, तेही वारसाची नोंद लागेपर्यंत.

तेव्हा घरात नवं बाळ आलं असेल, अक्षर 'म' निघालं असेल आणि दुर्मीळ नावाचा हट्टच असेल, तर यादी उघडण्याआधी एकदा गावाकडं फोन लावून पणजोबांचं नाव विचारा. घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण त्या नोंदीत बाळाचं नाव घालायला वर्षभर जादा शुल्क पडत नाही. ठरलंच मन्मथ, तर कचेरीत समोर उभं राहून लिहून घ्या : म पूर्ण, न अर्धा, आणि शेवटचा त नव्हे, थ, रथातला. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच जन्माचा दाखला लागतो, आणि एकदा 'मन्मत' छापून आलं की दुरुस्तीचे हेलपाटे बापालाच घालावे लागतात.